विश्लेषण: एक नंबर, अनेक फोन! तुमचा इंटरनेट कॉल एकाच वेळी कुठे कुठे वाजतो आणि सरकारला तो पुन्हा सिमला का बांधायचा आहे?

व्हॉट्सॲपवर कॉल आला की खिशातला मोबाइल वाजतो. टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये ॲप उघडं असेल तर तोही वाजतो. दुसरा फोन जोडलेला असेल तर तिसरी रिंग तिथे. यापैकी कुठेही कॉल उचलला की बाकीचे गप्प होतात. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही विशेष वाटत नाही.

पण केंद्रीय दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी काढलेल्या एका आदेशाने नेमकी हीच सोय वादात सापडली आहे. ज्या सिमवर खातं उघडलं, ते सिम फोनमध्ये नसेल तर मेसेजिंग ॲप चालता कामा नये, आणि कॉम्प्युटरवरचं लॉगिन जास्तीत जास्त सहा तासांत आपोआप बंद झालं पाहिजे, असं हा आदेश सांगतो. याला 'सिम बाइंडिंग' म्हटलं जातं. सायबर भामट्यांना आळा घालण्यासाठी हे आवश्यक असल्याचं सरकार म्हणतं. पण त्याचा फटका दुकानदारांपासून परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत अनेकांना बसू शकतो.

हा वाद समजून घ्यायचा तर आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. कॉल कुठे पाठवायचा, हे ठरवतं कोण?

नंबर नेमका राहतो कुठे?

लँडलाइनच्या काळात उत्तर सोपं होतं. नंबर तारेला बांधलेला होता. एक्सचेंजमधून निघालेली तार ज्या घरात जाते, तिथेच फोन वाजणार. अनेक घरांत त्याच तारेवर आतल्या खोलीत दुसरा फोन जोडलेला असे. दोन्ही फोन एकदम वाजत आणि बाहेरच्या खोलीतलं बोलणं आतला रिसिव्हर उचलून ऐकताही येई. एका नंबरवर अनेक फोन वाजवण्याची ही पहिली पद्धत. तिचा फायदा आणि धोका दोन्ही त्याच तारेत होते.

मोबाइल आला आणि नंबर तारेतून सुटून सिममध्ये गेला. सिम कुठल्या टॉवरच्या हद्दीत आहे, याची नोंद कंपनीचं नेटवर्क सतत ठेवतं आणि कॉल त्या टॉवरकडे पाठवतं. सिम एक, म्हणून वाजणारा फोनही एक.

इंटरनेट कॉलमध्ये मात्र नंबर ना तारेत असतो ना सिममध्ये. तो एका खात्याचं नाव असतो. खातं कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि त्या खात्यासमोर एक यादी असते: हा फोन, हा लॅपटॉप, हा टॅब. कॉल आला की सर्व्हर ती यादी पाहतो. यादीत जे आहे, ते वाजतं. यादीत जे नाही, ते वाजत नाही. तुमचा फोन तुमच्या हातात आहे की नाही, याच्याशी सर्व्हरला काही देणंघेणं नसतं.

सगळे फोन एकदम कसे वाजतात?

इंटरनेट कॉल जोडण्याची जी पद्धत जगभर रूढ आहे, तिचं नाव 'एसआयपी', म्हणजे सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल. १९९९ साली तिचं पहिलं प्रमाणित रूप आलं आणि २००२ साली सुधारित. ऑफिसातले इंटरनेट फोन या पद्धतीवर चालतात, आणि आपल्या ४जी मोबाइलवरचे व्होल्टी कॉलसुद्धा. व्हॉट्सॲपसारखी ॲप्स स्वतःची वेगळी यंत्रणा वापरतात, पण मूळ कल्पना तीच आहे.

यात चार टप्पे असतात.

पहिला टप्पा नोंदणीचा. प्रत्येक डिव्हाइस सर्व्हरला कळवतं की 'या खात्याचा कॉल आला तर मला इथे गाठा.' ही नोंदणी ठरावीक वेळाने ताजी करावी लागते, नाहीतर ती रद्द होते.

दुसरा टप्पा फाट्यांचा. कॉल आला की सर्व्हर एकाच निमंत्रणाच्या अनेक प्रती काढतो आणि यादीतल्या प्रत्येक डिव्हाइसला पाठवतो. तांत्रिक भाषेत याला 'फोर्किंग' म्हणतात. सगळीकडे एकदम पाठवलं तर सगळे फोन एकदम वाजतात. एकामागून एक पाठवलं तर आधी रिसेप्शन, तिथे कुणी उचललं नाही तर मॅनेजर, मग त्यांचा मोबाइल असा क्रम लागतो. कस्टमर केअरचे आणि ऑफिसचे कॉल बहुतेकदा असेच फिरतात.

तिसरा टप्पा उत्तराचा. ज्या डिव्हाइसवरून पहिलं 'उचलला' असं उत्तर येतं, त्याच्याशी कॉल जोडला जातो.

चौथा टप्पा रद्द करण्याचा. उरलेल्या सगळ्यांना 'आता थांबा' असा संदेश जातो आणि रिंग बंद होते.

एका फोनवर बोलून झाल्यावर दुसऱ्या फोनवर त्याच कॉलचा 'मिस्ड कॉल' दिसतो, असा अनुभव अनेकांना आलेला असतो. त्याचं कारण या चौथ्या टप्प्यात आहे. 'कॉल दुसरीकडे उचलला गेला' ही माहिती रद्द करण्याच्या संदेशासोबत पाठवण्याची सोय आहे. ती पाठवली गेली नाही किंवा फोनने ती वाचली नाही, तर फोन समजतो की समोरच्याने वाट पाहून कॉल ठेवला. मग तो मिस्ड कॉलची नोंद करतो.

व्हॉट्सॲप यात वेगळं काय करतं?

सुरुवातीला व्हॉट्सॲप एकाच फोनवर चालत असे. कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप म्हणजे त्या फोनचा आरसा होता. फोनचं इंटरनेट बंद पडलं की कॉम्प्युटरवरचंही थांबायचं. २०२१ मध्ये कंपनीने नवी रचना आणली. मुख्य फोनशिवाय आणखी चार डिव्हाइस जोडता येऊ लागली आणि फोन बंद असला तरी ती स्वतंत्रपणे चालू लागली. २०२३ मध्ये या चारांत दुसरा फोन जोडण्याचीही मुभा मिळाली.

या रचनेत प्रत्येक डिव्हाइसची स्वतःची गुप्त किल्ली असते. कॉल करणाऱ्याचा फोन समोरच्या प्रत्येक डिव्हाइससाठी वेगळं गुपित तयार करतो आणि ते कुलूपबंद करून पाठवतो. जे डिव्हाइस कॉल उचलतं, त्याच्या गुपिताने संभाषण सुरक्षित होतं. वाटेत कुणी ऐकू शकत नाही.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हे कुलूप वाटेतल्या चोरासाठी आहे. चोराचंच डिव्हाइस तुमच्या यादीत घुसलं असेल, तर त्यालाही रीतसर किल्ली मिळते. यंत्रणेच्या दृष्टीने ते 'तुमचंच' डिव्हाइस असतं.

घरातल्या घरातही याची झलक दिसते. २०१४ मध्ये ॲपलने आयफोनचा कॉल आयपॅड आणि मॅकवरही वाजण्याची सोय दिली. तेव्हा ज्या कुटुंबांत सगळे मिळून एकच ॲपल खातं वापरत होते, तिथे एकाचा कॉल सगळ्यांच्या फोनवर वाजू लागला. त्यात कुणी हॅकिंग केलं नव्हतं. यादी सामाईक होती, इतकंच.

गुन्हेगार याचा फायदा कसा घेतात?

तीन वाटा प्रामुख्याने दिसतात.

पहिली वाट मागे राहिलेल्या खात्याची. व्हॉट्सॲप सुरू करताना ओटीपीसाठी एकदाच सिम लागतं. त्यानंतर सिम काढून टाकलं, बंद केलं किंवा देशाबाहेर गेलं तरी खातं चालू राहतं. त्यामुळे भारतात घेतलेल्या नंबरचं खातं दुसऱ्या देशात बसून चालवता येतं. समोरच्याला मात्र +९१ ने सुरू होणारा नंबर दिसतो आणि तो विश्वास ठेवतो. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली पोलीस किंवा सीबीआय अधिकारी असल्याचं भासवून येणारे व्हिडिओ कॉल असेच केले जात असल्याचं सरकारचं म्हणणं आहे. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत २२,८०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम बुडाल्याचा आकडाही या आदेशाचं समर्थन करताना सरकारने दिला आहे.

दुसरी वाट यादीत घुसण्याची. डिसेंबर २०२५ मध्ये 'घोस्टपेअरिंग' नावाच्या फसवणुकीबद्दल 'सर्ट-इन' या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेने इशारा दिला. ओळखीच्या नंबरवरून 'हा फोटो तुझाच आहे ना?' अशा धाटणीचा मेसेज आणि लिंक येते. लिंक उघडल्यावर पडताळणीच्या नावाखाली मोबाइल नंबर मागितला जातो. भामटा तो नंबर वापरून व्हॉट्सॲपकडे 'नवं डिव्हाइस जोडायचं आहे' अशी मागणी करतो. मिळालेला कोड तो पीडितालाच दाखवतो आणि ॲपमध्ये टाकायला लावतो. पीडिताने कोड टाकला की भामट्याचा कॉम्प्युटर यादीत दाखल होतो. पासवर्ड चोरला नाही, सिम क्लोन केलं नाही. दार पीडितानेच उघडून दिलेलं असतं.

तिसरी वाट साध्या मोबाइल कॉलची. कुरिअर किंवा कस्टमर केअरचं नाव सांगून एखादा कोड डायल करायला लावायचा आणि त्यातून कॉल फॉरवर्डिंग सुरू करायचं. मग बँकेचा पडताळणी कॉल थेट भामट्याकडे जातो. याच कारणाने दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# या कोडवरून होणारं कॉल फॉरवर्डिंग बंद करायला लावलं होतं.

तिन्ही वाटांत तंत्र वेगळं असलं तरी मुद्दा एकच आहे. भामट्याला तुमचा फोन नको असतो. 'कॉल कुठे पाठवायचा' या नोंदीत त्याला स्वतःचं नाव घालायचं असतं.

आदेशात नेमकं काय आहे?

हा आदेश टेलिकॉम सायबर सुरक्षा नियमांखाली काढण्यात आला. २०२४ च्या या नियमांत २०२५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी मोबाइल नंबर वापरणाऱ्या कंपन्याही त्यांच्या कक्षेत आल्या. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टाई, स्नॅपचॅट, शेअरचॅट, जिओचॅट आणि जोश या ॲप्सना तो लागू आहे.

ठळक तरतुदी अशा:

- खातं ज्या सिमवर उघडलं, ते सिम डिव्हाइसमध्ये चालू स्थितीत असलं पाहिजे. ते नसेल तर ॲप वापरता येता कामा नये.
- वेब आवृत्तीवरचं लॉगिन जास्तीत जास्त सहा तासांनी बंद व्हावं. पुन्हा सुरू करायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागेल.
- अंमलबजावणीसाठी ९० दिवस, म्हणजे फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत मुदत. अनुपालन अहवाल १२० दिवसांत.

गंमत म्हणजे जून २०१८ मध्ये याच विभागाने नेमकी उलट दिशा घेतली होती. परवानाधारक कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनीची मुभा देताना ही सेवा मूळ मोबाइल नेटवर्कला बांधलेली नसेल, हे विभागाने मान्य केलं होतं. कुठल्याही इंटरनेट जोडणीवरून तोच नंबर वापरता यावा, हा त्यामागचा विचार. त्यानंतर बीएसएनएलने 'विंग्ज' ही ॲपवरून कॉल करण्याची सेवा आणली. जिओफायबरच्या लँडलाइन नंबरचे कॉल जिओच्या ॲपवर मोबाइलमध्ये घेता येतात, तेही याच तत्त्वावर.

फरक इतकाच की तिथे परवाना असलेली, केवायसी करणारी कंपनी जबाबदार असते. मेसेजिंग ॲप्सना असा परवाना नाही. त्यामुळे जबाबदारीचा धागा सरकार सिममध्ये शोधत आहे.

फटका कुणाला बसेल?

सर्वात आधी ऑफिस आणि दुकानांना. औषधाची दुकानं, ट्रॅव्हल एजंट, छापखाने, सीए यांची कार्यालयं, अशा असंख्य ठिकाणी ऑर्डर आणि कागदपत्रं कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सॲपवर येतात. मुख्य फोन मालकाच्या खिशात असतो आणि काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरवर उत्तरं देतो. सकाळी १० वाजता केलेलं लॉगिन दुपारी ४ वाजता बंद होईल. मालक बाहेरगावी असेल तर क्यूआर कोड स्कॅन कोण करणार? तोवर त्या कॉम्प्युटरवर ना मेसेज येणार, ना कॉल वाजणार.

दुसरा गट परदेशातल्या लोकांचा. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीला गेलेले अनेक मराठी लोक तिथलं सिम घेतात, पण व्हॉट्सॲप जुन्या भारतीय नंबरवरच ठेवतात. कारण घरचे, गावचे, शाळेचे सगळे ग्रुप त्याच नंबरवर असतात. आई-वडील ज्या नंबरला कॉल करतात, तोही हाच. सिम फोनमध्ये असेल आणि रोमिंगवर असेल तर अडचण येणार नाही, असं सरकारने स्पष्ट केलं आहे. पण ज्यांचं सिम पुण्या-कोल्हापूरच्या घरी कपाटात पडून आहे, त्यांना ही सवलत लागू पडत नाही. ते फोनमध्ये घालून रिचार्जवर चालू ठेवणं किंवा तिथल्या नंबरवर व्हॉट्सॲप बदलणं, हेच मार्ग उरतात.

तिसरा गट दुसरा फोन किंवा टॅब वापरणाऱ्यांचा. आदेशाची पहिली अट शब्दशः वाचली तर मूळ सिम नसलेल्या जोडलेल्या फोनवर ॲप चालणंच अडचणीचं ठरतं. म्हणजे २०२३ मध्ये मिळालेली सोयच धोक्यात येते.

याने फसवणूक थांबेल का?

काही प्रमाणात नक्कीच अडेल. सिम काढून फेकून दिलेली खाती बंद पडतील. प्रत्येक चालू खात्यामागे एक चालू, केवायसी झालेलं सिम राहील आणि पोलिसांना माग काढायला धागा मिळेल. घोस्टपेअरिंगमध्ये घुसलेला कॉम्प्युटर आज अनेक दिवस यादीत राहू शकतो. सहा तासांच्या नियमाने त्याची मुदत आटेल.

पण मर्यादाही उघड आहेत. दुसऱ्याच्या नावावर घेतलेली सिम बाजारात मिळतात, हे तपास यंत्रणांनी अनेकदा उघड केलं आहे. असं सिम फोनमध्ये घालून रोमिंगवर ठेवलं, तर सिम बाइंडिंगची अट पूर्ण होते. डिजिटल अरेस्टमध्ये घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढायला सहा तास पुरेसे असतात. शिवाय तांत्रिक अडचण आहेच. सामान्य ॲपला सिमची ओळख थेट वाचू द्यायला ॲपल परवानगी देत नाही आणि ॲन्ड्रॉइडनेही आवृत्ती १० पासून त्यावर कडक बंधनं घातली आहेत.

यूपीआय ॲप्सचं उदाहरण याबाबत दिलं जातं. तिथे नोंदणीच्या वेळी तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून पडताळणी होते. पण पैसे पाठवणारं ॲप आणि दिवसभर बोलण्याचं ॲप यांत फरक आहे. पैशाच्या व्यवहारासाठी थोडी गैरसोय लोक सोसतात. घरच्यांशी बोलण्यासाठी ती रोज सोसावी का, हा खरा प्रश्न आहे.

यातून एक मधला मार्गही दिसतो. नवं डिव्हाइस जोडताना मुख्य फोनवर ठळक इशारा देणं, अनोळखी देशातून जोडणी झाल्यास वेगळी पडताळणी मागणं, सिम बंद झालेल्या खात्यांची माहिती टेलिकॉम कंपन्यांकडून ॲप्सना मिळणं, अशा उपायांत लक्ष यादीवर राहतं. सरसकट सहा तासांच्या नियमात प्रामाणिक दुकानदार आणि भामटा यांना एकच वागणूक मिळते.

तोवर तुम्ही काय करावं?

- व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. ओळखीचं नसलेलं किंवा जुन्या ऑफिसातलं डिव्हाइस दिसलं तर लगेच लॉग आउट करा. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात लॉगिन केलं असेल तर तेही तपासा.
- 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करून पिन ठेवा. पण हा पिन तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नव्याने नोंदवण्यापासून वाचवतो. तुम्ही स्वतः डिव्हाइस जोडून दिलं तर तो उपयोगी पडत नाही.
- फोटो, कुरिअर, मतदान, बक्षीस, कारण काहीही असो, दुसऱ्याने दिलेला कोड व्हॉट्सॲपमध्ये टाकू नका.
- *#२१# डायल केल्यावर कॉल फॉरवर्डिंग सुरू आहे का ते दिसतं. ##००२# डायल केल्यावर सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.
- आयफोन वापरत असाल तर 'कॉल्स ऑन अदर डिव्हाइसेस' या पर्यायात कुठली डिव्हाइस सुरू आहेत ते पाहा.
- नंबर कायमचा बंद करणार असाल तर आधी त्यावरचं व्हॉट्सॲप खातं डिलीट करा किंवा नव्या नंबरवर न्या. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो.
- आणीबाणीत ११२ ला साध्या मोबाइल कॉलनेच संपर्क करा. व्हॉट्सॲपवरून तो कॉल लागत नाही.
- फसवणूक झाली तर वेळ न दवडता १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

नंबर सिमला बांधायचा की नाही, हे सरकार आणि कंपन्या ठरवतील. पण तुमच्या नावावर कोणकोणते फोन वाजतात ही यादी तुमच्याच मोबाइलमध्ये आहे आणि ती पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमधली यादीही आज एकदा पाहून घ्या, कारण भामट्यांचे कॉल बहुतेकदा त्यांनाच येतात.